पेन्सिलीवरचे दात

मनुष्य गुरूकडून शिकतो हे तर सर्वविदितच आहे. परंतु कधी कधी तो गुरूपाशीच अडूनही राहतो, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. येथे सांगावयाची हकीकत अशाच एका अडण्याची आहे.

विमानतळाच्या टोकाला विमाने ठेवावयाचे पत्र्याचे एक उंच हँगर होते, आणि त्याला लागून उड्डाणशाळेच्या दोन खोल्या होत्या. तेथे शिकणाऱ्या एका तरुणीला सारेजण धाकटी म्हणत. त्याचे कारण असे की, हँगरमधील मुख्य मेकॅनिक हा तिचा सख्खा थोरला भाऊ. आणि तो दिवसभर इंजिनाच्या पोटात डोके घालून "धाकटे, तो पाना दे", "धाकटे, उजेडातून बाजूला हो" असा पुकारा करीत असे. त्यामुळे वयाची एकतीस वर्षे पूर्ण होऊनही, आणि खांद्यावर वैमानिकाच्या पट्ट्या येऊनही, तिचे धाकटेपण काही सुटले नव्हते.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना तिने केव्हाच मिळविला होता. परंतु तो परवाना स्वच्छ आकाशापुरता. ढगात शिरल्यावर खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीवाचून काहीही दिसत नाही. कान सांगतात की विमान डावीकडे कलले, पाठ सांगते की ते वर चढते आहे, आणि दोघेही साफ खोटे बोलत असतात. अशा समयी समोरच्या फळीवरील तबकड्यांवर भरवसा ठेवून विमान न्यावे लागते. या विद्येच्या परवान्यास इन्स्ट्रुमेंट रेटिंग असे म्हणतात. दूरदूरच्या गावांतून आजारी माणसांना मोठ्या इस्पितळात आणणाऱ्या एका विमानसेवेने सहवैमानिकाची एक जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, मात्र महिनाअखेरपर्यंतच.

"पेशंट काही आभाळ निवळायची वाट बघत नाही," तेथील मुख्य वैमानिक तिला म्हणाला होता. "रेटिंग घेऊन या. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

परीक्षा अकरा दिवसांवर येऊन ठेपली होती. परीक्षकबाई तीन महिन्यांतून एकदाच या विमानतळावर येत. तात्पर्य, या खेपेस हुकले की जागाही हातची गेली.

तिला शिकवीत असत ते मास्तर. चौसष्ट वर्षांचा, काडीसारखा सडपातळ, परंतु पाठीचा कणा फुटपट्टीसारखा ताठ असा हा गृहस्थ. त्यांच्या हाताखालून शे-सव्वाशे वैमानिक तयार होऊन गेले होते. मास्तरांना कसलाही आजार नव्हता, तथापि विमानात बसले की ते खोकत. शिकाऊ वैमानिकाची उंची पन्नास फूट ढळली की मास्तर घसा खाकरीत. दिशा ढळू लागली की डाव्या हाताचे नख काचेवरच्या होकायंत्रावर टक् करून वाजवीत. तोंडाने मात्र एक अक्षर बोलत नसत. आपण शिष्याला पूर्ण मोकळीक देतो, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

धाकटी त्यांच्याबरोबर छत्तीस तास उडाली होती. डोक्याला हूड, म्हणजे लांब चोचीची ती टोपी, चढविली की बाहेरचे जग नाहीसे होई आणि फक्त तबकड्या उरत. तिचे उड्डाण इतके रेखीव होत असे की मास्तर शाळेच्या वहीत तिच्या नावापुढे "उत्तम" असा शेरा मारीत. तिलाही आपण तयार झालो असे वाटू लागले होते. आणि नेमकी तेथेच माशी शिंकली.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी दाढ काढून घेतली होती. गालात कापूस, डाव्या हातात बर्फाची पिशवी, आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचे नाही अशी दंतवैद्याची सक्त ताकीद. तरीही ते ठरल्या वेळी विमानात येऊन बसले, कारण वेळ चुकविणे त्यांच्या रक्तातच नव्हते. दोघे उडाले. धाकटीने हूड ओढून घेतला आणि नित्याप्रमाणे तबकड्यांवरून नजर फिरविण्यास प्रारंभ केला. विमानात इतकी शांतता तिने कधीच अनुभवली नव्हती. आज सारे किती सुरेख चालले आहे, असे तिला मनोमन वाटले.

पाऊण तासाने मास्तरांनी गुडघ्यावरच्या कागदावर दोन शब्द लिहून तो तिच्या हुडाखाली सरकविला. "टोपी काढ."

तिने हूड काढला. नाकासमोर धावपट्टी दिसावयास हवी होती. तेथे सिमेंटच्या कारखान्याची चिमणी उभी होती, आणि ती वाजवीपेक्षा बरीच जवळ होती.

गोष्ट अशी झाली होती. दिशा दाखविणारी तबकडी आतल्या भोवऱ्यावर चालते, आणि तो भोवरा हळूहळू सरकत जातो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी ती होकायंत्राशी ताडून नीट लावून घ्यावी लागते. हा धडा पहिल्या आठवड्यातला. धाकटीला तो तोंडपाठ होता. परंतु छत्तीस तासांत तिने ती तबकडी एकदाही स्वतःच्या आठवणीने लावली नव्हती. नख वाजले, की तिचा हात जाई. आज नख वाजले नाही. दिशा सतरा अंशांनी चुकली होती, उंची साडेतीनशे फुटांनी खाली आली होती, आणि तिला त्याचा गंधही नव्हता.

खाली उतरल्यावर शाळेच्या खोलीत, पाय हलणाऱ्या टेबलाशी, मास्तरांनी बराच वेळ बर्फाची पिशवी गालाला दाबून धरली. मग कागद ओढला व लिहिले, "तू विमान उडवत नाहीस. मला उडवतेस." आणि थोडे थांबून त्याखाली लिहिले, "चूक कुणाची, ते मला अजून कळत नाही."

त्या सायंकाळी घरी जेवताना ती ताटातला भात नुसताच चिवडीत होती. भाऊ तिच्याकडे पाहत होता.

"खोकलेमास्तरांचा खोकला बंद पडला, आणि आमची वैमानिक जमिनीवर आली," तो म्हणाला. "मी तर म्हणतो, तो खोकला टेप करून घे आणि परीक्षेला कानात घालून जा."

"दादा, पुरे हं."

"अगं, मी मदतच करतोय."

"तुमची मदत त्या इंजिनाला करा," वहिनी त्याला म्हणाली. वहिनी प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवीत असे. तिने ताटातले आवरले आणि धाकटीच्या शेजारी येऊन बसली. "माझ्या वर्गात एक बिलंदर मुलगी आहे. सतराचा पाढा घडाघडा म्हणायची. मी सगळ्यांना सांगायचे, बघा हिच्याकडून शिका. एकदा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, तर ही बया सतरा त्रिकापाशी अडकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाढा मीच म्हणत होते गं, मनातल्या मनात. ओठ हलत होते माझे. ती ओठ वाचत होती."

"मग काय केलंस?"

"तेव्हापासून पाढे घेताना दातात पेन्सिल धरते. पहिले चार दिवस माझ्याच जबड्यावर फार जड गेलं. तिचं सोड, तिला दोन दिवसांत आलं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात एक नवी कोरी पिवळी पेन्सिल होती.

मास्तरांनी सर्व ऐकून घेतले. दाढ गेल्यापासून त्यांचा गाल पेरूसारखा फुगला होता, आणि अपमानाने तो अधिकच लाल झाला.

"म्हणजे मी तोंडात लाकूड धरून बसू? चौसष्टाव्या वर्षी?"

"उजव्या बाजूने धरा. तिकडची दाढ शाबूत आहे."

"आणि हात?"

"हात मांडीखाली."

"अजून काही? डोळे बांधू?"

"डोळे उघडे हवेत, मास्तर. बाहेर तुम्हीच बघणार आहात. दुसरं विमान आलं, डोंगर आला, जिवावर बेतलं, तर विमान तुमचं. पण उंची ढळली, दिशा ढळली, वेग पडला, तर ते माझं मला कळू दे. नाही कळलं तर खाली आल्यावर सांगा. हवा तेवढा वेळ सांगा. ओरडा हवं तर."

मास्तर खिडकीतून बाहेर पाहत राहिले. बाहेर भाऊ एका विमानाचे चाक फिरवून पाहत होता, आणि कान मात्र त्याचे इकडेच होते.

"मी ओरडत नाही," मास्तर शेवटी म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल घेतली.

पहिल्या दिवशी धाकटी रडकुंडीस आली. शांततेत तबकड्या तिला अनोळखी भासू लागल्या. एकीकडे पाहावे तर दुसरी पळे. दुसरीला धरावे तर तिसरी सुटे. घाम हुडाच्या पट्ट्याखालून डोळ्यांत उतरत होता. शेजारून कडकड असा बारीक आवाज येई, आणि तो कशाबद्दल हे तिला मुळीच समजत नसे. उतरल्यावर मास्तरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. तिच्यावर दातांचे एकोणीस व्रण होते.

आणि काय सांगावे, मास्तरांना प्रत्येक व्रण पाठ होता. "हा पहिला. चढताना वेग पडला, तू चार सेकंदांनी पाहिलंस. हा दुसरा, आणि हा तिसरा त्याच्याच शेजारी; दिशा ठीक करायला गेलीस आणि उंची सोडलीस. हा खोल आहे बघ. तबकडी लावायची वेळ होऊन सहा मिनिटं गेली होती. मला वाटलं आता पेन्सिल तुटणार."

ही शिकवणी दीड तास चालली. विमानात गिळलेले सारे शब्द मास्तरांनी जमिनीवर ओतले. आणि धाकटीला प्रथमच असे जाणवले की, छत्तीस तासांत त्यांनी तिला जेवढे शिकविले नव्हते तेवढे त्या दीड तासात शिकविले. कारण आता त्यांचा प्रत्येक शब्द तिच्या एखाद्या स्वतःच्या चुकीवर जाऊन बसत होता.

दुसऱ्या दिवशी चौदा नवे व्रण उमटले. तिसऱ्या दिवशी नऊ. पाचव्या दिवशी केवळ चार, आणि तेही उथळ. तबकडी लावण्याची वेळ तिने घड्याळाच्या काचेवर चार ठिकाणी रंगाचे ठिपके देऊन बांधून घेतली. भाऊ रोज पेन्सिल उजेडात धरून पाही व जाहीर करी, "आज मास्तर उपाशी राहिले."

परंतु दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी गत तिची झाली. आता कोणाचाही आधार म्हणून घ्यावयाचा नाही, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. आणि ती गाठ वाजवीपेक्षा जास्त आवळली गेली.

परीक्षेस तीन दिवस उरले असताना ती हूड घालून धावपट्टीकडे उतरत होती. उतरण्याच्या वाटेवर एक ठरलेली खूण असते. ती ओलांडल्यावाचून खाली यावयाचे नाही, कारण अलीकडे टेकडी आहे. खुणेचे अंतर घड्याळ लावून मोजावे लागते. वळणाच्या गडबडीत धाकटीची घड्याळाची कळ दाबावयाची राहिली. खूण गेली की यावयाची आहे, हे तिला कळेना. रडारच्या खोलीत बसलेल्या नियंत्रकाला रेडिओवर "मी कुठे आहे?" एवढे विचारले असते, तर त्याने दोन सेकंदांत सांगितले असते. तिचे बोट बटणापर्यंत गेलेही. पण तिला वाटले, हे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या खोकल्यावर उडणे. तिने बोट मागे घेतले, गेली असेल असा अदमास केला, आणि खाली जाऊ लागली.

शेजारी पेन्सिल पडल्याचा आवाज झाला.

"माझ्याकडे," मास्तर म्हणाले. विमान त्यांनी हाती घेतले आणि नाक वर उचलले. तिने हूड काढला तेव्हा टेकडीवरचे एकेक झुडूप वेगळे ओळखू येत होते.

दोघे खाली उतरले. टेबलाशी बसल्यावर मास्तरांनी सावकाश विचारले, "खूण ओलांडली की नाही, हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"माहीत नाही, हे माहीत होतं?"

 "होतं."

"मग विचारलं का नाहीस? तो रडारवाला काय माशा मारायला बसलाय तिथे?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, हिला अजून कुणीतरी हात धरायला लागतं."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ पोरी. मी खोकायचो तेव्हा तुझ्या डोक्यात शंका यायचीच नाही. शंका माझी, आणि हात तेवढा तुझा. ती खोड वाईट होती. आज शंका तुझी होती. तुझी तुला आली, अगदी वेळेवर आली. ती घेऊन तू विचारलं असतंस, तर तो तुझाच निर्णय होता. तू तिचा गळा दाबलास." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला. "चाळीस वर्षं उडतोय मी. मी अजून विचारतो. रडारवरची पोरं हसत असतील तर हसोत. हसणाऱ्यांच्या खुर्चीला डोंगर आडवा येत नाही, माझ्या विमानाला येतो."

"परीक्षेला बसू का मी?"

पूर्वीचे मास्तर असते तर त्यांनी हो किंवा नाही असे सरळ सांगून टाकले असते. त्यांचे तोंड उघडलेही. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि दातांत धरली.

धाकटी रात्रभर विचार करीन म्हणाली नाही. तिने वही ओढली, आजची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिली, घड्याळाची कळ कोणत्या क्षणी दाबावयाची ते तीनदा लिहिले, आणि म्हणाली, "उद्या ही एकच वाट पाच वेळा उतरायची आहे मला. दर वेळी रडारला विचारून खात्री करणार. परवा दोनदा, गरज असेल तरच विचारणार. तेरवा बसते परीक्षेला."

मास्तरांनी मान डोलविली. पेन्सिल दातांतच होती.

परीक्षकबाई ठेंगण्या होत्या आणि बसायला उशी घेऊन आल्या होत्या. "मी बोलणार नाही," पट्टा बांधता बांधता त्या म्हणाल्या. "काय करायचं तेवढं सांगेन. त्यापलीकडे बोलले, तर परीक्षा संपली असं समजा."

"चालेल बाई. मला सवय आहे."

आकाश त्या दिवशी राखेच्या रंगाचे होते. धाकटीने हूड ओढला. ठिपक्यावर काटा आला, तिने होकायंत्र पाहिले व तबकडी लावली. कोणाचेही नख वाजले नाही. अर्ध्या तासाने बाईंनी रबराची दोन गोल झाकणे काढली आणि दोन मुख्य तबकड्यांवर, म्हणजे कल दाखविणारीवर व दिशा दाखविणारीवर, चिकटविली. "या बिघडल्या," एवढेच त्या म्हणाल्या. उरलेल्या तबकड्यांवर व हेलकावणाऱ्या होकायंत्रावर विमान सांभाळावयाचे होते. कान पुन्हा खोटे सांगू लागले. आपण उजवीकडे पडत आहोत अशी तिची सर्व काया ओरडत होती. तिने ती ओरडू दिली आणि वळण दाखविणाऱ्या काट्याचे ऐकले.

या धांदलीत आपण खुणेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, याबद्दल तिला शंका आली. घड्याळ चालू होते. कळ तिने दाबली होती. पण वारा बदलल्यासारखा वाटत होता. तिने बटण दाबले आणि नियंत्रकाला आपले स्थान स्पष्ट शब्दांत विचारले. खूण दीड मैल पुढे होती. ती उंची धरून राहिली. शेजारी बाईंनी काहीतरी लिहिले. ते चांगले की वाईट, याचा विचार तिने केला नाही.

झाकणे निघाली, शेवटची उतरण सुरू झाली. वाट दाखविणारी उभी सुई मध्यावरून सुटली आणि एका बाजूस पळू लागली. तिने दुरुस्ती केली. सुई थांबली, आणि पुन्हा पळाली. जमीन सातशे फूट खाली होती. ओढूनताणून उतरता आले असते कदाचित. पूर्वी अशा वेळी ती शेजारच्या घशाची वाट पाहत असे. तिने इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक उचलले आणि रेडिओवर सांगितले, "परत वर जाते आहे. पुन्हा येईन."

दुसऱ्या खेपेस सुई मध्यावर खिळ्यासारखी उभी राहिली.

हँगरबाहेरच्या बाकावर मास्तर बसले होते. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले होते. एक त्यांच्या दातांत होता, दुसरा हातात. शेजारी भाऊ तेलकट फडक्याला हात पुसत होता.

"दोन तास या बाकावरून विमान उडवलंय यांनी," तो म्हणाला. "एकदा तर वळण घेतलं, मी बाकावरून पडणार होतो."

मास्तरांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. "किती?" त्यांनी धाकटीला विचारले.

"चार चुका. बाईंनी तीन सांगितल्या. चौथी त्यांना दिसली नाही, त्या बाहेर दुसरं विमान बघत होत्या."

"कोणती?"

"झाकणं काढल्यावर दिशेची तबकडी मी तशीच खरी धरली. दोन मिनिटं तिच्यावरच उडाले. मग होकायंत्राकडे बघितलं, तर नऊ अंशांचा फरक. मग लावली."

"कुणी सांगितलं बघायला?"

"कुणी नाही."

 धाकटी मास्तरांच्या शेजारी बसली आणि खिशातून कागद काढून गुडघ्यावर पसरला. "आता मला सांगा. पहिल्यांदा सुई पळाली, तेव्हा मी वर गेले. बरोबर गेले, ते मला माहीत आहे. पण ती पळाली का, ते कळलं नाही. वारा कुठून आला असेल?"

मास्तरांनी दातांतला तुकडा काढला, सदऱ्याला पुसला आणि त्याचे टोक कागदाला लावले. इतक्या दिवसांत ती पेन्सिल प्रथमच लिहिण्याच्या कामी येत होती. त्यांनी धावपट्टी काढली, टेकडी काढली, टेकडीच्या खांद्यावरून घसरणारा वारा बाणांनी दाखविला. धाकटीने एक बाण खोडून दुसरीकडे काढला. "नाही, इथे तो आधीच खाली आला होता," ती म्हणाली. मास्तरांनी तिचा बाण निरखून पाहिला आणि तसाच राहू दिला.

भाऊ दोघांच्या डोक्यांवरून वाकून पाहत होता.

"अहो," तो शेवटी म्हणाला, "वारा राहू द्या थोडा वेळ. पास झाली की नापास, एवढं तरी कुणी सांगेल का? घरी तुझी वहिनी फोनला चिकटून बसली आहे."

"पास," धाकटी मान वर न करता म्हणाली. "मास्तर, आणि हा बाण?"